बैल बुजतीन, चाल

लोद, इस्रायल
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

ती. बाबा आणि मायला शिरसाष्टांग नमस्कार. बंडूला आशीर्वाद, तो माझ्यावर रागावला असला तरी.

पत्र पाहून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. आजकाल पत्र कोण लिहितं म्हणा, पण शुक्रवारी बंडूनं फोनवर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. मी 'हे बघ' म्हटलं की हा 'तुले काय माईत तिकडं बसून' म्हणायचा, आणि शेवटी फोन आपटला. कागदावर कोणाला मध्ये बोलता येत नाही. शिवाय बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि ते सगळ्यालाच 'हो हो' म्हणतात. तर बंडू, हे पत्र तूच मोठ्यानं वाचून दाखव. बाबांच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानं बांधलेली असेल तर आधी ती बदलून आण. मी सांभाळते त्या आजींचा पुतण्या गुरुवारी दुबईमार्गे मुंबईला निघालाय, तो तिथून पोस्टात टाकणार आहे.

इथलं विशेष काही नाही. सायरन वाजला की आजींना धरून खालच्या निवाऱ्यात न्यायचं, थांबला की वर आणायचं, त्याचीही सवय झाली. इथं धुऱ्याचं, हद्दीचं भांडण केवढं आहे ते तुम्ही टीव्हीवर बघताच, त्यावर मी काय लिहिणार. आम्ही राहतो ते घर विमानतळाजवळ आहे. विमान इतक्या खालून जातं की आजींचा काचेचा ग्लास फळीवर किणकिणतो.

बाबा, आजींबद्दल मायला सांगितलं होतं, तुम्हाला परत सांगते. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मूळच्या रेवदंड्याजवळच्या, बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. कोकणात त्यांच्या लोकांना पूर्वी 'शनवार तेली' म्हणायचे, कारण धंदा घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. १९६२ साली लग्न होऊन इकडं आल्या. घरात अजून मराठी. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातून इतक्या लांब येऊनही बोलणी मराठीतच खावी लागतात. परवा भाजीत तिखट जास्त पडलं तर म्हणाल्या, "पोरी, तुझ्या गावात पाऊस पडत नाही म्हणून मिरची पडते का?"

आता मुद्द्याचं.

बंडू, तू पाठवलेला पोळ्याचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. आजी झोपल्या की स्वयंपाकघरात बसून, आवाज बारीक करून. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या आहेत, बाबांनी आपल्या जोडीचा कासरा धरलाय, आणि पलीकडच्या रांगेतून नाल्यापलीकडचा काका झडती म्हणतो. (मी त्याला अजून काकाच म्हणते. तुला चीड येते ते माहीत आहे. लहानपणी त्याच्याच बंडीत बसून आपण दारव्ह्याच्या बाजाराला जायचो.) त्याची झडती मला पाठ झाली:

बापानं धुरा कोरला, लेक टाळ कुटते,
चोराची जोडी पाहा कशी गावात मिरवते,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

सारं गाव हसलं. झडतीला हसायचंच असतं, पण हे हसू वेगळं होतं. मग त्यानं वाकून ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते बाबांना लागलं नाही, ढवळ्याच्या झुलीवर फुटलं आणि माती बेगडावर सांडली. तू मोबाइल हलवलास, तिथं चित्र आडवं होतं. तुझा आवाज येतो, शिवी अर्ध्यात तुटलेली, आणि त्यावर बाबांचा आवाज: "बैल बुजतीन, चाल."

बस. एवढंच बोलले. पुढं चालू लागले.

पहिल्या दहा वेळा मला पण तुझ्यासारखंच वाटलं. वाटलं, बाबा घाबरले. जूनपासून त्यानं वावरात जायच्या पांदणीवर बाभळीचे काटे टाकलेत, पेरणीला बी-खत डोक्यावर वाहून न्यावं लागलं, सोयाबीन औंदा पावसानं गेलं ते गेलंच, त्यात जे उरलं ते काढायला मशीन वावरापर्यंत पोचत नाही. आणि वर भर तोरणात आज्याचं नाव काढून चोर म्हणतो. आणि आपले बाबा बैलांची काळजी करतात! त्या रात्री मी काय केलं ते ऐका. काकाची पोरगी, माझ्या वर्गातली, तिला मी व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "तुझ्या बापाच्या तोंडात किडे पडतीन." आणि तिला ब्लॉक केलं. ती तिकडं वर्ध्याला संसार करते, तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. लिहिल्यावर मला मस्त झोप लागली. हे खोटं सांगत नाही. शिव्या दिल्या की झोप चांगली लागते.

अकराव्या वेळेला मला बाबांचा डावा हात दिसला. उजव्या हातात कासरा. डाव्या हातानं ते ढवळ्याच्या गळ्याखालच्या पोळीवरून खालून वर, खालून वर हात फिरवत होते. ढेकूळ फुटायच्या आधीपासून. ज्याची भीतीनं गाळण उडते त्याचा हात असा फिरत नाही बंडू. मी इथं रोज म्हाताऱ्या माणसांचे हात बघते, कोणता हात घाबरलेला आहे ते मला कळतं.

मग या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या, त्या लागोपाठ झाल्या म्हणून हे पत्र.

इथं किप्पूर म्हणून उपासाचा मोठा दिवस असतो. पाण्याचा थेंबही नाही, एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. रस्त्यावर गाडी नाही, विमानतळसुद्धा बंद, तो फळीवरचा ग्लास वर्षातून त्या एका दिवशी गप्प असतो. पोरं मोठ्या हमरस्त्यावर सायकली फिरवतात. औंदा किप्पूर नेमका २ ऑक्टोबरला आला, म्हणजे आपल्या दसऱ्याच्याच दिवशी. आजींच्या धर्मात असं आहे की देवाशी केलेल्या चुका त्या दिवशी देव माफ करतो, पण माणसाशी केलेल्या चुकांना तो हात लावत नाही. त्या आपल्या आपण, उपास लागायच्या आधी, त्या माणसाकडं जाऊन निस्तरायच्या.

तर बुधवारी दुपारी आजींनी मला अश्दोदला फोन लावायला सांगितला, त्यांच्या धाकट्या जावेला. दोघी एकवीस वर्षं बोलत नव्हत्या. कारण काय तर सासूच्या चार पाटल्या. आजी म्हणतात पाटल्या जावेनं ढापल्या, आणि मला तरी ते खरं वाटतं. मी फोन लावून दिला. आजी ताठ बसल्या, डोक्यावरचा रुमाल नीट केला, जशी काही समोरची बघतेय. म्हणाल्या, "मी बोलतेय. माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ कर." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ आजी नुसत्या "हं" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आजी, पाटल्या तिनं ढापल्या आणि माफी तुम्ही मागायची?" तर म्हणाल्या, "पाटल्यांची माफी तिच्या खात्यात. मी तिला मयताच्या घरात, सगळ्यांसमोर चोर म्हणाले होते. ती माझ्या खात्यात."

मला एकदम पोळ्याचं तोरण आठवलं. आणि माझा तो किड्यांचा मेसेज.

संध्याकाळी उपास लागायच्या आत मी वर्ध्याच्या मैत्रिणीला ब्लॉकमधून काढलं आणि लिहिलं की चुकलं, रागात लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या आणि तीन दिवस काही नाही. काल रात्री तिचा निरोप आला: "तिकडं थंडी पडली काय?" एवढाच. पण आला.

गुरुवारी, किप्पूर सुटल्यावर, मायचा फोन. बाबा सोनं घेऊन काकाच्या दारात गेले होते म्हणे. त्यानं पान घेतलं नाही, पण दारही लावलं नाही. काकूनं पाण्याचा गडवा आणून दिला, बाबा पाणी प्याले, आपट्याचं पान ओट्यावर ठेवलं आणि परत आले. आणि शुक्रवारी बंडू, तू मला तेच सांगितलंस पण तुझ्या तऱ्हेनं: "ते पान त्याच्या बकरीनं खाल्लं. बाबानं आपली इज्जत बकरीले चारली. आता मी त्याची पऱ्हाटी एका रात्रीत आडवी करतो."

तुझा फोन आला तेव्हा आजी आणि मी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. इथं भारतीय दुकानात वाल मिळतात. तुझा आवाज फोनबाहेर ऐकू जात होता, आजींना सगळं समजलं. वऱ्हाडी त्यांना पुरती कळत नाही, पण 'आडवी करतो' कळतं. मी रडवेली झाले तर त्या वालावरची नजर न काढता म्हणाल्या, "तुला दाविद राजाच्या शिव्यांची गोष्ट माहीत आहे का?" त्यांचे वडील कीर्तन करायचे. हो, यहुदी असून मराठी कीर्तन, पेटी-टाळासकट. त्यांच्यात ती रीतच होती. फक्त आख्यान विठोबाचं नाही, अब्राहाम, योसेफ, दाविद यांचं. म्हणून गोष्ट सांगतानाही आजींचा हात मधूनच टाळ धरल्यासारखा होतो.

गोष्ट अशी. दाविद राजा म्हातारपणाकडं झुकलेला. पोटच्या पोरानं, अबशालोमनं, बंड केलं आणि गादीवर चालून आला. राजाला यरुशलेम सोडून पळावं लागलं. डोकं झाकलेलं, पाय अनवाणी, रडत रडत जैतुनांचा डोंगर चढला. (मी गेल्या वर्षी आजींच्या नातवाच्या गाडीतून तिथं जाऊन आले. एका उतारावर कबरीच कबरी, आणि पलीकडं पूर्वेला सगळा उघडा बोडका मुलूख, यार्देन नदीपर्यंत उतरत गेलेला. दगडांना तोटा नाही. कोणाला मारायचं मनात आलं तर वाकायचीही गरज नाही.) डोंगर उतरताना बहूरीम गाव लागलं. तिथून शिमी नावाचा माणूस निघाला, दाविदाच्या आधीच्या शौल राजाच्या कुळातला. तो शिव्या द्यायला लागला. चालता हो, खुन्या, शौलाच्या घराण्याच्या रक्ताचं माप देव आता तुझ्या पदरात घालतोय. आणि दगड मारायला लागला, राजाला आणि त्याच्या माणसांना. राजा खालच्या वाटेनं चाललाय आणि हा समोरच्या उतारावरून बरोबरीनं चालत दगड मारतोय, धूळ उधळतोय.

राजाबरोबर त्याचा सरदार अबीशय होता. तो म्हणाला, हा मेलेला कुत्रा माझ्या राजाला शिव्या देतो? हुकूम करा, आत्ता जाऊन मुंडकं उडवतो.

इथं आजी थांबल्या. वालाचं साल नखानं ओढलं, दाणा वाटीत टाकला आणि म्हणाल्या, "हा तुझा बंडू."

बंडू, हसू नको. राग आला तर ये, पण पुढचं वाच.

दाविद म्हणाला, माझ्या पोटचा पोरगा माझ्या जिवावर उठलाय, तिथं या माणसाचं काय घेऊन बसलास. देऊ दे शिव्या. देवानंच त्याला सांगितलं असेल. कदाचित देव माझी ही दैना बघेल आणि आजच्या शिव्यांच्या बदल्यात माझं काही भलं करेल.

मूळ हिब्रूत 'कदाचित'ला 'उलाय' शब्द आहे. तो मला चांगला माहीत आहे, दिवसातून वीस वेळा ऐकते. दवाखान्यात विचारलं डॉक्टर येणार का, उलाय. बस वेळेवर आहे का, उलाय. इतका साधा, बिनभरवशाचा शब्द. आणि राजा देवाबद्दल तो वापरतो! 'देव माझ्या बाजूनं आहे, तुला बघून घेईल' असं नाही म्हणत. त्याला देवावर भरवसा आहे, पण देव काय करणार ते तो ठरवत नाही. आपल्याकडं लोक म्हणतात ना, 'मी देवावर सोडलं, आता देव त्याला दाखवीन.' ते सोडणं नाही, ती देवाला दिलेली सुपारी झाली. मी तेच केलं होतं, किड्यांची. बाबा मात्र लहानपणापासून कशालाही 'पाहू, पांडुरंगाच्या मनात काय हाय ते' म्हणतात आणि आपल्याला तो आळस वाटायचा.

आजींनी विचारलं, "तुझे बाबा काय म्हणाले होते तोरणाखाली?" मी सांगितलं: बैल बुजतीन, चाल. त्यांना आधी अर्थ कळेना. बुजणं म्हणजे काय ते सांगितल्यावर इतक्या हसल्या की वालाची वाटी कलंडली. म्हणाल्या, "दाविदाला एवढं बोलावं लागलं!"

पण मी त्यांना विचारलं की राजा इतका मऊ का पडला? त्याच्या हाताखाली फौज होती. तर आजी म्हणाल्या, आरोप खोटा होता. शौलाला तर दाविदानं दोनदा हाती आलेला सोडला होता, एकदा गुहेत नुसता झग्याचा काठ कापून, एकदा रात्री छावणीत त्याचा भाला उचलून आणून. शौलाचं रक्त त्याच्या अंगावर नव्हतं. पण 'खुनी' हा शब्द खरा होता. उरिया नावाच्या आपल्याच शिपायाची बायको त्यानं ठेवून घेतली होती आणि उरियाला लढाईत मुद्दाम पुढं उभं करून मारवलं होतं. शिमीला ते ठाऊक असेल-नसेल, दाविदाला ठाऊक होतं. समोरचा चुकीच्या घराचं दार ठोठावत होता, पण आत कोण लपलंय ते घरमालकाला माहीत होतं.

आता मी जे लिहिणार आहे त्यासाठी बाबा, मला माफ करा. दोन दिवस लिहू की नको करत होते.

बंडू, नाल्याकडच्या धुऱ्यावरची बोर तुला माहीत आहे. जिची बोरं खाऊन आपण दोघं मोठे झालो, मायच्या लुगड्याला जिचे काटे. ती बोर आधी धुऱ्यावर नव्हती. ती काकाच्या वावरात होती, आतल्या अंगाला. बाहत्तरच्या दुष्काळानंतर आज्यानं दर साली वखरताना धुरा चार बोटं, चार बोटं तिकडं सरकवला. काकाचा बाप तेव्हा आजारी, पोरगा लहान, बघायला कोणी नाही. माझ्या बाळंतपणात, चाळिसाव्या दिवशी, शेकशेगडीपाशी बसून मायनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, "तुह्या बाबाले माईत हाय. त्यायनं कधी तोंड नाही उघडलं." तेव्हा मी कानाआड केलं. सगळ्याच गावात धुरे सरकतात.

त्या माणसाची झडती ओंगळ होती. बाबा चोर नाहीत, त्यांनी चार बोटं धुरा कोणाचा कोरला नाही, आणि पांदणीवर काटे टाकणं, ढेकूळ मारणं ही त्याची मस्ती आहे, तिला माझ्याकडून सूट नाही. पण 'बापानं धुरा कोरला' हा एक चरण खरा आहे. तोरणाखाली सगळं गाव हसत असताना बाबांच्या कानात तो एक चरण गेला असेल आणि बाकीचं वरून गेलं असेल, असं मला आता वाटतं. म्हणून ते सोनं घेऊन गेले. बाबा, मी चुकत असेन तर सांगा. फोनवर नका सांगू, तुम्ही 'हो हो' म्हणाल. बंडूकडून दोन ओळी लिहून घ्या.

मंबाजीची गोष्ट तर बाबांनीच आपल्याला सांगितली आहे, भजनावरून परत येताना, कंदिलाच्या उजेडात. देहूला तुकोबांच्या म्हशीनं मंबाजीच्या मळ्यात तोंड घातलं. मळ्याच्या कुंपणाचे काटे देवळाच्या वाटेवर आलेले. एकादशीला लोकांच्या पायात रुतू नयेत म्हणून तुकोबांनी ते बाजूला केले, आणि मंबाजीनं त्याच काट्यांच्या फांद्यांनी त्यांना झोडपलं. रात्री कीर्तनाला तो आला नाही, तर तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले, तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचं अंग दाबलं, आणि त्याला घेऊन आले. असं कीर्तनकार सांगतात. लहान होते तेव्हा मला यातलं अंग दाबणं लक्षात राहिलं होतं. आता वाटेवरचे काटे जास्त दिसतात. म्हणजे बघ, तिथंही भांडण वाटेचं आणि काट्यांचंच होतं. आणि हेही दिसतं की तुकोबांनी काटे उचलले. 'असू दे देवाची मर्जी' म्हणून लोकांना त्यावरून चालू दिलं नाही.

म्हणून बंडू, मी तुला हात बांधून बस म्हणत नाही. आजींच्याच लोकांचं ऐक. ते इथं आले आणि काही वर्षांत इथल्या धर्मगुरूंनी शंका काढली की हे हिंदुस्थानातले खरे यहुदी कशावरून, यांच्याशी लग्न लावायचं तर आधी यांच्या पिढ्या तपासा. त्यांच्या सांगण्याप्रमाणं दोन हजार वर्षं कोकणात राहून शनिवार पाळलेली माणसं! आजींच्या कडेवर तेव्हा पहिलं पोर होतं. त्यांची माणसं बायकापोरांसकट यरुशलेमला जाऊन धरणं धरून बसली, आणि १९६४ साली ते मागं घ्यावं लागलं, हे पुरते यहुदी आहेत असं सांगावं लागलं. मी विचारलं, तुम्ही शिव्या नाही दिल्या? "तोंडानं नाही," म्हणाल्या. "मनात मोजल्या नाहीत."

तेव्हा काय करायचं ते सांगते, मी वकिलाला विचारून घेतलंय. पांदण अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. काटे जूनमध्ये पडलेत, म्हणजे दिवाळी झाली की लगेच जा, डिसेंबरवर ढकलू नको. अर्जात वाट किती वर्षांची आहे ते लिही, बंडी कोणकोणाची जायची त्यांची नावं घाल, पोलीस पाटलाला विचार. तोरणाची गोष्ट, शिव्यांची गोष्ट त्यात एक अक्षर घालू नको. आपल्याला वाट पाहिजे, त्याची मान नको.

आणि दुसरं. भूमि अभिलेखात हद्द कायम मोजणीचा अर्ज दे. मोजणीच्या दिवशी त्यालाही नोटीस जाते, तो समोर असतो. फी मी पाठवलीय, शनिवारी खात्यात दिसेल. आणि मोजणीत खुणा बोरीच्या अलीकडं आल्या तर धुरा परत जिथला तिथं घालायचा. तू म्हणशील, त्यानं काटे टाकायचे आणि आपण जमीन द्यायची? हो. काट्यांचा हिशेब तहसीलीत. धुऱ्याचा आपल्या घरात. आजींच्या पाटल्यांसारखं, खाती वेगळी ठेव. तुला हे पचायला जड जाईल, मलाही गेलं. ती बोर जाईल याचं मला जमिनीपेक्षा जास्त वाईट वाटतंय, खरं सांगते.

पऱ्हाटीला हात लावू नको. माझी शपथ घालत नाही, शपथा तू मोडतोस. एवढंच सांगते की कापसाची पहिली वेचणी आली आहे, त्याआधी वावरात सीतादही घालताना मायला डोळे वर करून त्याच्या वावराकडं बघता आलं पाहिजे.

एक राहिलं. आजींना मी विचारलं, त्या शिमीचं पुढं काय झालं? त्या वाल सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, अबशालोम मेला, राजा परत आला, तेव्हा हाच शिमी हजार माणसं घेऊन नदीवर धावत आला आणि पाया पडला. अबीशय पुन्हा म्हणाला, मारू का? राजानं पुन्हा नाही म्हटलं. शपथ घेऊन सांगितलं, तू मरणार नाहीस. मी म्हटलं, वा. तर आजी म्हणाल्या, थांब. मरताना दाविदानं गादीवर बसणाऱ्या पोराला, शलमोनाला जवळ बोलावलं आणि सांगितलं, शिमीला मी शपथ दिली होती, तू दिलेली नाहीस. त्याचं पिकलं डोकं रक्तानं माखून कबरीत पाठव. शलमोनानं त्याला यरुशलेममध्येच राहायला घर बांधायला लावलं, बाहेर पाऊल टाकलंस तर मेलास म्हणाला. तीन वर्षांनी त्याचे दोन गुलाम पळाले, त्यांना आणायला तो गथला गेला, आणि शलमोनानं त्याला मारवलं.

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. इतकी वर्षं राजानं ते दगड कुठं ठेवले होते? आजी म्हणाल्या, "माझे वडील कीर्तनात हा भाग सांगायचे नाहीत. नदीवरच्या शपथेशी आख्यान संपवायचे आणि आरती घ्यायचे. मी मोठी झाल्यावर पोथीत वाचलं. जाऊन भांडले त्यांच्याशी." मग थोड्या वेळानं: "म्हणून पाटल्यांचं मी माझ्या मुलांना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस."

बंडू, तुझा पोरगा पाच वर्षांचा आहे. पोळ्याच्या व्हिडिओत तो तुझ्या खांद्यावर बसलाय, हातात लाकडी बैल, आणि त्याचं तोंड त्या काकाकडं आहे. तुझ्या मोबाइलमधला तो व्हिडिओ काढून टाक. माझ्याकडचा मी आज काढते.

आता किरकोळ. मायच्या गुडघ्याला तेल पाठवतेय, पुतण्याच्या पिशवीत आहे, ते चोळायचं आहे, प्यायचं नाही. मागच्या वेळेला शेजारणीनं काय केलं ते आठवतं ना. माझ्या पोरीला म्हणावं गणिताच्या वहीचे फोटो रविवारी पाठव, टाळू नको. इथं उद्यापासून सुक्कोत, आमच्या समोरच्या घरानं गच्चीवर फांद्यांचा मांडव घातलाय, आठवडाभर त्यात बसून जेवतात. वरून तारे दिसले पाहिजेत असा विरळ झाकायचा असतो. आपल्या वावरातल्या मचाणासारखा दिसतो. आजींना तिथं जेवायला न्यायचंय, जिना चढताना धाप लागते, बघू. उलाय.

पुढच्या फोनला मला सांगा, औंदा ढवळ्या-पवळ्याची शिंगं कोणत्या रंगानं रंगवली होती? व्हिडिओत माती उडाली होती, नीट दिसलं नाही, आणि मी इतक्या वेळा बघूनही ते विचारायचं राहूनच गेलं.

तुमची,
ताई